तान्ह्या बाळाचें खेळणें

सिंधूच्या खोऱ्यांतील मोहेंजोदडो आणि हडप्पा या नगरांचें उत्खनन १९२० नंतरच्या दशकांत झालें, तेव्हां मुद्रा व मणी यांच्याबरोबर भाजक्या मातीचे पोकळ गोळेहि हातीं लागले. गोळ्याच्या पोटांत मातीच्याच बारीक गोळ्या. हालविला कीं वाजतो. सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचा हा खुळखुळा. त्या नगरांत राज्य कोण करीत होतें तें कळत नाहीं, त्यांची लिपिहि अद्याप कोणास निर्विवादपणें वाचतां आलेली नाहीं; परंतु तेथल्या आया रडतें मूल कसें रिझवीत, हें मात्र कळतें.

खेळणें कसें असावें याचा शास्त्र म्हणून विचार चरकसंहितेंत आढळतो. हा ग्रंथ आजच्या रूपांत येण्यास कित्येक शतकें लागलीं. त्याचा मुख्य भाग सामान्यतः इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतला मानतात. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत बाळाची खोली, त्याचें अंथरूण, त्याचीं वस्त्रें यांची व्यवस्था सांगून झाल्यावर ग्रंथकार खेळण्यांकडे वळतो. खेळणें रंगीबेरंगी असावें, वाजणारें असावें, पाहतांच मन रमावें असें असावें. तें जड नसावें, त्याला तीक्ष्ण टोंक नसावें, तें तोंडांत शिरेल असें नसावें. त्यापासून जिवाला धोका नसावा आणि त्याचें भय वाटूं नये. आठ विशेषणांत सारें आटोपलें आहे. मोठमोठ्या रोगांवर पानेंच्या पानें लिहिणाऱ्या वैद्यानें खुळखुळ्याकरितां थांबावें, याचें कौतुक वाटतें.

यांतील सहावी अट विशेष मार्मिक आहे. चौथ्या-पांचव्या महिन्यापासून मूल हातीं लागेल ती वस्तु तोंडांत घालूं लागतें. जिभेनें व हिरड्यांनींच तें जगाची ओळख करून घेतें. तें थांबवितां येत नाहीं, व थांबवूंहि नये. वस्तु मात्र सबंध आंत जाईल एवढी लहान असतां कामा नये. ती श्वासनलिकेंत अडकली तर कांहीं मिनिटांचाच अवधि असतो. अमेरिकेच्या सरकारनें याच धोक्यासाठीं १९७९ मध्यें नियम केला आणि सव्वा इंच व्यासाचें एक नळकांडें प्रमाण म्हणून ठरविलें. तीन वर्षांखालील मुलांचें खेळणें, किंवा त्याचा सुटलेला तुकडा, त्यांत पूर्ण मावला तर तें विकण्यास बंदी. भारतांत खेळण्यांवर मानक संस्थेचें चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचें झालें. चरकानें नळकांडें दिलें नव्हतें. मापावयाचें तें बाळाच्या तोंडानेंच.

भयासंबंधीं तर संहिता खेळण्यांपाशींच थांबत नाहीं. मूल रडत असो, जेवत नसो, सांगितलेलें ऐकत नसो. राक्षस-पिशाच्चांचीं नांवें घेऊन त्याला भिववूं नये, असें ती स्पष्ट बजावते. आपल्याकडील बागुलबोवा पाहतां हा उपदेश स्वयंपाकघरापर्यंत पोंचला नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

रंगाची बाजू कारागिरांनीं सांभाळली. सावंतवाडीच्या चिताऱ्यांचीं लांकडी खेळणीं महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहेत. म्हैसूरजवळील चन्नपट्टणचींहि तशींच प्रसिद्ध. चन्नपट्टणास कुड्याच्या जातीचें पांढरें, मऊ लांकूड लेथवर फिरवितात आणि फिरत असतांनाच रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळते व लांकडावर चढते. तींतील रंग वनस्पतिजन्य असला, म्हणजे मूल तें खुशाल चोखो. शिशाच्या रंगाची गोष्ट निराळी. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथील नेत्रवैद्य लॉकहार्ट गिब्सन यांनीं १९०४ मध्यें दाखवून दिलें कीं, तेथील मुलांना होणारी शिशाची विषबाधा घरांच्या रंगविलेल्या कठड्यांवरून, बोटांवाटे तोंडांत जाते. इतकें होऊनहि २००७ सालीं शिशाचा रंग लावलेलीं लाखों खेळणीं अमेरिकेच्या बाजारांतून परत घ्यावीं लागलीं.

वर्ष भरत आलें म्हणजे पांगुळगाडा येतो. तीन चाकांची ही लांकडी चौकट मूल स्वतः उभें राहून ढकलतें. पडलें तर आपल्याच उंचीवरून पडतें. चाकांच्या कड्यांत मुलाला बसवून, त्याच्या पायांत बळ येण्याआधींच त्याला घरभर पळविणारे नव्या तऱ्हेचे गाडे मात्र जिन्यांवरून कोसळूं लागले, आणि कॅनडानें २००४ मध्यें त्यांची विक्रीच बंद केली.