गणपतीपासून मोजलेले महिने

आमच्या मालवणकडच्या वाड्यांत बाळंतपणाचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असे. चाकरमानी गणपतीला आला की ज्येष्ठात पाळणा हलायचा, शिमग्याला आला की मार्गशीर्षात. ज्या घरचा माणूस दोन्ही सणांना लालबाग-परळच्या खोलीतच अडकून पडला, त्या घरच्या बाईला दिवस गेले तर कुणाला पंचांग उघडावं लागत नसे.

अशाच एका शेजारणीबद्दल आजी सांगायची. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. नवरा गिरणीत, दोन वर्षं गावी फिरकलेला नाही. घरात थोरला दीर. कुणामुळे काय झालं हे वाडीला ठाऊक होतं, पण त्याच्याकडे बोट कुणी दाखवलं नाही. एका रात्री मांगरात सुईण आली. तिच्याकडे कसलंसं मूळ होतं नि एक काडी. पाचव्या दिवशी ताप डोक्यात गेला आणि बाई संपली. बाहेरचं लागलं, असं लोकांनी ठरवलं. देवाला गाऱ्हाणं घातलं, कोंबा दिला. दीर पुढे कित्येक वर्षं पंचांत मानाने बसत राहिला.

“माझ्याकडे पाणी मागल्यान, मी दिलंय. आणि काय करतलंय?” आजी म्हणायची.

मालवणात तेव्हा डॉक्टर नव्हते असं नाही. पण त्यांना बोलावणं म्हणजे गुन्ह्याची वाच्यता करणं. 1860च्या दंड संहितेचं कलम 312 तिथे आडवं येत होतं: आईचा जीव वाचवण्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी गर्भ पाडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, गर्भाची हालचाल सुरू झाल्यावर पाडला तर सात. आणि स्वतः पाडून घेणारी बाईही त्यात गुन्हेगार. गर्भपात त्या कायद्याने थांबला नव्हता. तो मांगरात गेला होता आणि ताप चढल्यावरही तिथून बाहेर पडू शकत नव्हता.

आजीच्या सासूकडे याहून जुनी गोष्ट होती. भटवाडीतली एक तरुण विधवा ‘पंढरपुराक’ गेली आणि परतली नाही. पंढरपूर का, ते मला मोठेपणी कळलं. लालशंकर उमियाशंकर यांनी 1875मध्ये तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह उभं केलं होतं. त्याआधी बारा वर्षं फुले दांपत्याने पुण्यात तसंच घर उघडलं होतं. ही माणसं दिवस गेलेल्या अशा विधवांना दार उघडून देत होती, हे मी फार मोठं मानतो. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला 1881मध्ये नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. ती पुढे कमी झाली, पण त्या प्रकरणाने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. तिला या प्रसंगात आणणाऱ्या पुरुषाचं काय, हा त्यांचा प्रश्न आमच्या वाडीतल्या त्या दिरालाही लागू होता.

कायदा बदलायला 1971 उजाडलं. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने 1966मध्ये अहवाल दिला होता. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरतात, ही चिंता त्यामागे होती. 1 एप्रिल 1972पासून दवाखान्याचं दार उघडलं. तेही अर्धंच. गर्भनिरोधक साधन फसलं हे कारण ग्राह्य धरलं, पण ‘विवाहित स्त्री आणि तिचा नवरा’ यांच्यापुरतंच. भटवाडीतली ती विधवा त्या ओळीत बसली नसती. ‘कोणतीही स्त्री व तिचा जोडीदार’ हे शब्द यायला 2021 लागलं. गरोदरपणात विधवा झालेल्या बाईला चोवीस आठवड्यांपर्यंतची मुभाही तेव्हाच मिळाली, आणि 29 सप्टेंबर 2022ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही त्यात घेतलं.

माझी आजी एकादशी न चुकवणारी. पोटातला जीव हा जीवच, असं ती शेवटपर्यंत मानत होती. तिला पुरोगामी म्हणून रंगवायची माझी इच्छा नाही. पण कायद्यावरून घरात वाद झाला तेव्हा ती म्हणाली, “पाप आसा. पण तां बायचां आणि देवाचां. पोलीस कित्याक मधी?” चर्चमध्ये जाणारी आमची ख्रिस्ती शेजारीण तिथेच बसली होती. तिला हे पटलं नाही, तसं ती बोललीही. तिच्या श्रद्धेचा मी मान ठेवतो. ती श्रद्धा तिने स्वतःच्या पोटापुरती पाळावी, तिच्या सुनेवर नि माझ्या मुलीवर ती पोलिसांकरवी लादू नये.

हल्ली गणपतीत पडवीवर बसून तरुण पोरं सांगतात, कायदा सैल म्हणून मुली मारल्या जातात. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणं मलाही असह्य आहे. पण गर्भलिंग निदानाविरुद्ध वेगळा कायदा आहे, आणि तसा कायदा देशात सर्वांत आधी, 1988मध्ये, महाराष्ट्रानेच केला. त्या कायद्याच्या धास्तीने औषधवाला गोळ्या ठेवत नाही, नि खेड्यातल्या बाईला उगाच दहा प्रश्न विचारले जातात. तिचे आठवडे तर पुढे सरकतच असतात. आचऱ्याहून ओरोसचा सरकारी दवाखाना, नाहीच जमलं तर गोव्यातलं बांबोळी. एसटीचं तिकीट, बुडालेली मजुरी, घरी सांगायचं निमित्त. पैसेवालीला यातलं काहीच आड येत नाही.

आणि जुनं कलम गेलेलं नाही. 1 जुलै 2024पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, 312चं 88 झालं, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाई त्यातही गुन्हेगार आहे. डॉक्टरने अटी पाळून सही केली तर तेवढ्यापुरती सुटका. बाईला गुन्हेगार ठरवणारं ते वाक्य संसदेने काढून टाकावं, एवढी माझी मागणी आहे.