सातवाहनकालीन व्यापारी मार्ग आणि लोकसंपर्क

प्राचीन दख्खनचा इतिहास बहुधा राजवंश व युद्धे यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. तथापि सातवाहन साम्राज्यातील घाटमाथा आणि कोकण हे प्रदेश परस्परांशी जोडले गेले ते व्यापारी मार्गांमुळे. सत्तासंघर्षाच्या काळातही हे मार्ग कोणाच्या बळावर टिकले, याचा विचार प्रस्तुत लेखात अभिलेख व नाणी यांच्या आधारे केला आहे.

इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या, तर पैठणपासून तेर पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर होते. या नगरांतील मौल्यवान खडे व सुती कापड गाड्यांतून भडोचला जात असे. दुसरा मार्ग जुन्नरहून नाणेघाटाने कोकणातील बंदरांकडे उतरत असे. राणी नागनिकेच्या काळातील यज्ञ व दाने यांची नोंद असलेला लेख याच घाटाच्या माथ्यावर, वाटसरूंच्या वाटेवर कोरलेला आहे. बोरघाटाजवळील कार्ले येथील दानलेखांत धेनुकाकटचे यवन, सुतार व सुगंधी द्रव्यांचा विक्रेता असे दाते आढळतात. मार्गांवरून मालाबरोबर माणसेही एकत्र आली, याचा हा पुरावा होय.

या मार्गांवरील वर्चस्वासाठी सातवाहन व क्षत्रप यांच्यात संघर्ष झाला. कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे ‘पेरिप्लस’ सांगतो. मात्र याच काळात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केली आणि भडोच, दशपूर, गोवर्धन व सोपारा येथे विश्रामगृहे उभारली, असे नाशिकच्या लेण्यांतील लेखांवरून समजते. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागविला जाणार होता. राजकुलाने कारागिरांच्या संघटनेवर टाकलेला हा विश्वास लक्षणीय आहे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविलेला आहे. विजेत्याने शत्रूचे चलन नष्ट न करता व्यवहारात कायम ठेवले.

सारांश, सत्तांतरे झाली तरी नावाडी, विणकर, गाडीवान व व्यापारी यांचे परस्परावलंबन अबाधित राहिले. साम्राज्याचे मार्ग राजाज्ञेइतकेच या सामान्य जनांच्या व्यवहारावर उभे होते, असे म्हणता येते.