स्लॅब पडण्याआधी

25 एप्रिल 1954 रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जगाला दाखवला. तो सूर्यप्रकाशातील जेमतेम 6 टक्के ऊर्जेची वीज करी. ती इतकी महाग पडे, की 1958मध्ये सौरघट आधी व्हॅनगार्ड उपग्रहावर गेले. सामान्यांच्या छपरावर यायला त्यांना काही दशके लागली. 2020पासून कॅलिफोर्नियाने बहुतेक नव्या घरांना सौरपॅनेल सक्तीचे केले.

मला यात एक धडा दिसतो: पॅनेलची जागा घराच्या नकाशातच ठरवावी. आपल्याकडे माणूस आयुष्यभराची कमाई घरात घालतो आणि पाण्याची टाकी गच्चीच्या दक्षिणेला बांधतो. मग तिची सावली पॅनेलवर पडते आणि वीज घटते. म्हणून टाकी उत्तरेला घ्या, एका किलोवॉटसाठी सुमारे 100 चौरस फूट बिनसावलीची जागा राखा. वायरींचा पाइपही बांधकामातच टाका.