अठरा महिन्यांची मुदत

१२ ऑक्टोबर १९८३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी एका ठरावावर सही केली, आणि लेबनॉनमधील अमेरिकी सैन्याला तेथे आणखी अठरा महिने राहण्याची कायदेशीर मुभा मिळाली. त्यानंतर अकराव्या दिवशी त्या सैन्यातील २४१ माणसे झोपेतच ठार झाली. घाव घालणारे कोणत्याही राष्ट्राच्या गणवेशातले नव्हते. पडद्यामागे दुसऱ्याच राष्ट्राचा पैसा आणि शस्त्रे असतील, तर जाब कोणाला विचारावा आणि कोणत्या कायद्याने, या प्रश्नाने अमेरिकेच्या विधिमंडळाला पुढे तीन दशकांहून अधिक काळ सोडले नाही.

हे सैन्य बैरूतला गेले होते ते लढण्यासाठी नव्हे. १९८२ च्या उन्हाळ्यात इस्रायलने लेबनॉनवर स्वारी केली. वेढलेल्या बैरूतमधून पॅलेस्टिनी लढवय्ये सुखरूप बाहेर पडावेत म्हणून अमेरिका, फ्रान्स व इटली यांची संयुक्त सेना तेथे उतरली आणि काम होताच परतली. १४ सप्टेंबरला लेबनॉनचे नवनिर्वाचित अध्यक्ष बशीर जमायेल यांचा खून झाला, आणि पाठोपाठ साब्रा व शातिला या वस्त्यांत शेकडो निःशस्त्र पॅलेस्टिनींची कत्तल झाली. कत्तल करणारे ख्रिस्ताचे नाव सांगणारे होते, ही गोष्ट झाकून ठेवण्याजोगी नाही. त्या कत्तलीच्या लाजेने संयुक्त सेना महिनाअखेर पुन्हा बैरूतला आली. तथापि देशात यादवी चालू होती, आणि ज्या लेबनॉनी सरकारला आधार देण्यासाठी ही सेना आली, ते सरकारच त्या यादवीतील एक पक्ष ठरू लागले होते.

येथे १९७३ चा एक कायदा ध्यानात घेतला पाहिजे. व्हिएतनामच्या अनुभवाने पोळलेल्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी विधिमंडळाने, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून तो संमत केला होता. सैन्य लढाईत उतरले, तर राष्ट्राध्यक्षाने अठ्ठेचाळीस तासांत तसे कळवावे आणि साठ दिवसांत विधिमंडळाची संमती मिळवावी. एरवी सैन्य माघारी घ्यावे, असे त्याचे सार. २९ ऑगस्ट १९८३ रोजी बैरूतच्या विमानतळावर दोन अमेरिकी सैनिक तोफगोळ्यांनी मारले गेले. रेगन यांनी काँग्रेसला कळविले खरे, पण ज्या कलमाने साठ दिवसांचे घड्याळ चालू होते, त्याचा उल्लेख कटाक्षाने टाळला. मग तडजोड निघाली. घड्याळ २९ ऑगस्टलाच चालू झाले, असे काँग्रेसने ठरावात लिहिले, आणि त्याच ठरावाने अठरा महिन्यांची मुदतही देऊन टाकली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक होती. ही मुदत ती सहज ओलांडून जात होती! सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांनी ठराव निभावला. सही करताना रेगन यांनी नोंदवून ठेवले की, सरसेनापती म्हणून असलेल्या आपल्या अधिकारावर कायदा मर्यादा घालू शकतो, हे आपण मान्य करीत नाही.

२३ ऑक्टोबरच्या रविवारी सकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी एक पिवळी मालमोटार विमानतळावरील सैनिकांच्या चौमजली इमारतीत घुसली. स्फोट १२,००० पौंड टीएनटीच्या तोडीचा होता. पहारेकऱ्यांच्या बंदुका भरलेल्या नव्हत्या, कारण नियम शांततेच्या काळातले होते. काही मिनिटांतच दुसऱ्या स्फोटात फ्रान्सचे ५८ छत्रीधारी सैनिक गेले. कृत्य हेजबुल्लाचे आणि पाठबळ इराणचे, असा निष्कर्ष पुढे अमेरिकी न्यायालयाने काढला. इराणने तो कधीच मानलेला नाही.

काँग्रेसने चौकशी केली, संरक्षण खात्याच्या आयोगाने अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला, आणि डिसेंबरात रेगन यांनी दोष स्वतःच्या शिरावर घेतला. सैन्याचा पैसा तोडण्याची सूचना प्रतिनिधिगृहाने फेटाळली. परंतु हिवाळा सरता सरता ठरावाला मत देणारेच सैन्य परत आणा म्हणू लागले. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी माघार जाहीर झाली आणि महिनाअखेर सैनिक जहाजांवर चढले. मुदतीपैकी तेरा महिन्यांहून अधिक काळ तेव्हा शिल्लक होता. कायद्याने त्यांना ठेवले नाही, की परतही आणले नाही.

कायद्याची खरी करामत पुढे दिसली. परराष्ट्रावर आपल्या न्यायालयात खटला भरता येत नाही, हा जुना संकेत. १९९६ मध्ये काँग्रेसने त्याला अपवाद केला : दहशतवादाचे पुरस्कर्ते म्हणून जाहीर झालेल्या राष्ट्रांवर बळींच्या आप्तांना दावा लावता येईल. इराण त्या यादीत जानेवारी १९८४ पासून होता. २००१ मध्ये बैरूतच्या मृतांचे आप्त न्यायालयात गेले. मेलेले तर सैनिक. लढाईत सैनिक मरतो, त्याची भरपाई कसली? न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी २००३ मध्ये निर्णय दिला की, हे सैनिक शांततेच्या काळातील नियमांनी बांधलेले असल्याने ते लढवय्ये ठरत नाहीत. ज्या नियमांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका रिकाम्या ठेवल्या, त्याच नियमांनी त्यांच्या घरच्यांना न्यायालयाचे दार उघडले.

इराण हजर राहिला नाही. २००७ मध्ये २६५ कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरली. ती वसूल कशी करावी? न्यूयॉर्कच्या एका बँकेत इराणच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे १७५ कोटी डॉलर गोठवलेले होते. २०१२ मध्ये काँग्रेसने खास त्यांच्यासाठी कायदा केला आणि त्यात न्यायालयातील खटल्याचा क्रमांकसुद्धा घातला. विधिमंडळ असा एकच खटला हाती घेऊन निकाल ठरवू लागले, तर न्यायाधीशांनी करावे काय, असा सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या भिन्नमताचा रोख होता, आणि त्यात तथ्य होते. तरी २० एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी कायदा उचलून धरला. १९८३ मध्ये विशीतला मुलगा गमावलेल्या मातापित्यांचे वय तोवर किती झाले असेल, याचा हिशेब श्रोत्यांनी करावा.

इराण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. ३० मार्च २०२३ रोजी त्या न्यायालयाने म्हटले की, मध्यवर्ती बँक ही काही व्यापारी कंपनी नव्हे, तेव्हा तिच्या तक्रारीचा विचार करण्याचा अधिकार आपणास नाही. इतर इराणी कंपन्यांच्या बाबतीत मात्र अमेरिकेने कराराचा भंग केला आहे. तो करार १९५५ चा, दोन्ही देशांमधील मैत्रीचा होता.