दाविदाचे नृत्य आणि मराठी ख्रिस्ती कीर्तन

ख्रिस्ती उपासनेत नृत्याला स्थान आहे काय, हा प्रश्न बहुधा पाश्चात्य चर्चच्या संदर्भात विचारला जातो. नांदेड-लातूरच्या भूमीवर तो विचारला की त्याचे स्वरूपच पालटते. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ, माळेगावच्या खंडोबापुढे नाचणारे वाघ्या-मुरळी, मरीआईचा पोतराज आणि जवळच्याच नरसीत जन्मस्थान मानल्या गेलेल्या नामदेवांची कीर्तनपरंपरा, या साऱ्यांत भक्ती ही देहानेच व्यक्त होते. असे असता येथील चर्चमध्ये देह इतका स्तब्ध का झाला?

याचे सोपे उत्तर म्हणजे मिशनऱ्यांचे सोवळेपण. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. बायबलमध्ये नृत्याचा निषेध नाही. कराराचा कोश यरुशलेमेत आणताना दावीद राजा देहभान विसरून नाचतो, आणि स्तोत्रसंहितेतील अखेरची स्तोत्रे डफ व नृत्य यांसह स्तवन करण्यास सांगतात. स्पेनमधील सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये ठराविक सणांना मुले आजही वेदीपुढे नाचतात. तथापि युरोपातील अनेक धर्मसभांनी मंदिरातील नृत्यावर वारंवार बंधने घातली आणि तोच संकोच मिशनऱ्यांबरोबर इकडे आला.

दाविदाच्या कथेतील मीखलेचा आक्षेप मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. नाचणे पाप आहे, असे ती म्हणत नाही; दासींसमोर राजाने हलक्या माणसासारखे वागावे, याची तिला लाज वाटते. तिचा आक्षेप धर्माचा नसून प्रतिष्ठेचा आहे.

येथेच मराठवाड्याचा प्रश्न उलगडू लागतो. या भागात ख्रिस्ती झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. हलगी वाजवणे, पोतराज होऊन अंगावर आसूड ओढणे, मुलीला मुरळी म्हणून वाहणे या गोष्टी पूर्वास्पृश्य समाजांच्या वाट्याला केवळ कला म्हणून आल्या नव्हत्या. त्यांत जातीचे ओझे होते. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८-०९ च्या सुमारास ‘सोमवंशीय मित्र’मधून मुरळी प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. राजा आपखुशीने हलका होऊ शकतो. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या हलके ठरवले गेले, त्याला ताठ व निश्चल उभे राहण्यातच मुक्ती दिसली, तर नवल कसले?

तरीही देह पूर्णपणे मुका झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाला उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. कीर्तनकार उभा राहतो, पावले टाकतो, हातवाऱ्यांनी प्रसंग उभा करतो. श्रोते टाळ्यांचा ठेका धरतात. नृत्य या नावाखाली जे नाकारले गेले, त्याचा काही अंश कीर्तनाच्या नावाने आत आला. यात तडजोड होती, तशीच निवडही होती, कारण कीर्तनाला प्रतिष्ठा होती आणि हलगीला ती नव्हती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने दार अधिक उघडले. १९६९ मध्ये भारतासाठी आरती, अंजलिमुद्रा, पंचांगप्रणाम अशा कृतींना अनुमती मिळाली. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी ख्रिस्तकथेवर नृत्यनाट्ये रचली. फ्रान्सिस बार्बोझा यांनी भरतनाट्यमचे रीतसर शिक्षण घेऊन ख्रिस्ती संकल्पनांसाठी नव्या हस्तमुद्रा योजल्या. हे प्रयोग मोलाचेच आहेत. परंतु त्यांत ‘भारतीय’ म्हणून जे स्वीकारले गेले ते मुख्यतः अभिजात आणि उच्चवर्णीय होते. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी भारतीयीकरणावर घेतलेला आक्षेप नेमका हाच आहे.

म्हणून प्रश्न नृत्य असावे की नसावे एवढाच उरत नाही. कोणाचे नृत्य, आणि ते कोणाच्या इच्छेने, हे विचारावे लागते. हलगी वेदीपाशी वाजावी की वाजू नये, याचा निर्णय ती सक्तीने वाजवावी लागलेल्यांच्या वारसांनीच करायचा आहे. दाविदाच्या नृत्यात भक्तीइतकेच स्वातंत्र्य होते, हे त्या चर्चेत विसरून चालणार नाही.