प्रमाणित नावाला प्रमाणितच अर्थ हवा

डेटाबेसचे डेटा टाइप एसक्यूएलच्या प्रमाणाशी जुळते असावेत, असे कोणी म्हटले की आमच्या व्यवसायातली जाणती माणसेही हात झटकतात. त्यांची बाजू आधी नीट मांडतो. त्यांच्या मते हे प्रमाण कागदावरचे आहे. ते पुरते कोणीच पाळत नाही. एकदा घेतलेला डेटाबेस सहसा कोणी बदलत नाही, त्यामुळे माहिती सहज हलवता येण्याचा लाभ बोलण्यापुरताच. चुकीची नोंद अडवणे हे अ‍ॅप्लिकेशनचे काम. डेटाबेसने मुकाट्याने साठवावे. आणि आता जुने टाइप बदलायला गेलो तर चालती सॉफ्टवेअरे बंद पडतील. या प्रत्येक म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. तरीही त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. निवाडा वाचकांनी करावा.

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला सोनाळा आहे. तिथल्या एखाद्या शेताचा सातबारा डोळ्यांसमोर ठेवू. बोलताना शेतकरी एकर आणि गुंठे म्हणतो, उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. समजा 30 आरांच्या तुकड्याची दोन भावांत वाटणी झाली: एकाला 10 आर, दुसऱ्याला 20. हेक्टरमध्ये लिहिले तर 0.10 आणि 0.20. एसक्यूएलच्या प्रमाणात संख्यांचे दोन वर्ग आहेत. न्यूमेरिक आणि डेसिमल हे अचूक. रिअल आणि डबल प्रिसिजन हे अदमासे. जमिनीला अचूकच हवा. डेसिमलमध्ये दशांशचिन्हापुढे चार घरे ठेवली की चौरस मीटरपर्यंतचा हिशेब चोख राहतो, कारण 0.0001 हेक्टर म्हणजे बरोबर 1 चौरस मीटर.

आता हेच टेबल एसक्यूलाइटमध्ये करा. हा डेटाबेस प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतो, म्हणजे गावोगावच्या नोंदी आज ज्या उपकरणावर होतात त्यातच. तिथे कॉलमला डेसिमल हे नाव दिलेले चालते, कसलीही तक्रार येत नाही. आत मात्र 0.10 आणि 0.20 या किमती अदमासे संख्या म्हणून साठतात. दोघांची बेरीज 0.30 इतकी आहे का, असे विचारले तर उत्तर येते: नाही. वाट्यांची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळली पाहिजे, ही फेरफाराची साधी तपासणी. ती बरोबर वाटणीलाही नापास करते. डेसिमल असे नाव लिहूनही अचूकता मिळणार नसेल, तर ते नाव स्वीकारले कशाला? वजनावर किलोचा शिक्का आणि आत माल आठशे ग्रॅमचा, असाच हा प्रकार आहे.

माझा आग्रह एवढाच आहे. कोणत्याही डेटाबेसने स्वतःचे नवे टाइप खुशाल काढावेत. पोस्टग्रेसने जेसनबी काढला, पोस्टजीआयएसने नकाशांसाठी जिऑमेट्री दिला. दोन्ही उपयोगी आहेत आणि दोघांनीही स्वतःचे वेगळे नाव घेतले. आक्षेप आहे तो प्रमाणातले नाव घेऊन दुसराच अर्थ चिकटवण्याला. एसक्यूएल सर्व्हरमधल्या टाइमस्टँपमध्ये वेळ नसतेच. तो ओळ बदलली की पुढे सरकणारा आकडा आहे. मायएसक्यूएलमधला बूलियन म्हणजे लहान पूर्णांक. त्यात 7 सुद्धा बसतो.

प्रमाण कोणीच पुरते पाळत नाही, हे खरे. पण पोस्टग्रेसच्या दस्तऐवजाप्रमाणे एसक्यूएल 2023 च्या गाभ्यातल्या 177 सक्तीच्या वैशिष्ट्यांपैकी किमान 170 तो पाळतो. सात उरतात म्हणून 170 निरर्थक ठरतात का?

डेटाबेस कोणी बदलत नाही, हेही एक वेळ मान्य करू. पण माहिती तर रोज हलते. सोनाळ्याच्या शेतकऱ्याची नोंद महसूल खात्याकडून बँकेकडे जाते, बँकेकडून पीकविम्याकडे. या प्रवासात तारीख म्हणजे तारीखच राहायला हवी. पीककर्ज भरण्याची मुदत 31 मार्च आहे असे धरा. त्या दिवशी सकाळी अकराला शेतकऱ्याने पैसे भरले. प्रमाणातल्या डेटमध्ये दिवस, महिना आणि वर्ष एवढेच असते. ओरॅकलच्या डेटमध्ये तासमिनिटेही असतात. भरणा वेळेसकट साठवलेला असेल, तर ‘31 मार्च किंवा त्याआधी भरलेले’ ही अट त्याला वगळते, कारण नुसता 31 मार्च म्हणजे तिथे तो दिवस सुरू होतानाची मध्यरात्र. मुदतीत भरणारा माणूस थकबाकीदारांच्या यादीत जातो. चूक कोणाची? अट लिहिणाऱ्याने शब्दाचा प्रमाणित अर्थच घेतला होता.

याहून गंभीर गोष्ट रिकाम्या जागेची. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजा लिहितात. बोजा नाही हे पाहून रकाना रिकामा ठेवला, ही एक अवस्था. बोजा आहे की नाही हे अजून कोणी पाहिलेलेच नाही, ही दुसरी. प्रमाणाप्रमाणे रिकामी अक्षरमाला आणि नल, म्हणजे ‘किंमत माहीत नाही’ ही खूण, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ओरॅकल त्यांना एकच मानतो. त्याचेच दस्तऐवज सांगतात की ही वागणूक पुढे अशीच राहील असे धरून चालू नका. जमीन विकत घेणाऱ्याला या दोन अवस्थांतला फरक किती महाग पडू शकतो, हे वेगळे सांगायला हवे का?

मराठीचे नुकसान तर उघड दिसते. ओरॅकलमध्ये अक्षरांच्या कॉलमची लांबी, वेगळे सांगितले नाही तर, बाइटमध्ये मोजली जाते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. वीस लांबीच्या कॉलममध्ये ‘सोनाळा’ 18 बाइटांत बसते. ‘संग्रामपूर’ला 30 लागतात, ते बसत नाही. तेच नाव रोमनमध्ये 10 बाइटांत बसते. गावाची नावे इंग्रजीतून का भरून घेतात, याचे एक कारण इथे आहे. प्रमाणाने लांबी वर्णांत मोजली, बाइटमध्ये मोजायची तर तसे स्पष्ट लिहायला लावले. आपल्या भाषेला सोयीचा नियम प्रमाणाचाच आहे.

अ‍ॅप्लिकेशन चूक अडवेल, या भरवशावर थोडक्यात बोलतो. माहिती एकाच दारातून येत नाही. एक्सेलची फाइल थेट चढवली जाते, रात्री एखादी स्क्रिप्ट चालते. मायएसक्यूएल वर्षानुवर्षे 30 फेब्रुवारीसारखी तारीख आली की इशारा देऊन तिच्या जागी शून्यांची तारीख ठेवत असे. अखेर 2015 मधल्या 5.7 आवृत्तीपासून कडक तपासणी हीच मूळ पद्धत झाली. अ‍ॅप्लिकेशनवर भागत असते, तर हा बदल का करावा लागला?

राहिला जुन्या सॉफ्टवेअरांचा प्रश्न. तो खराखुरा आहे, पण त्याची उत्तरे देऊन झालेली आहेत. पोस्टग्रेसमध्ये नुसता टाइमस्टँप म्हटले की टाइमझोन गृहीत धरला जाई. 2002 मधल्या 7.3 आवृत्तीत तो प्रमाणाप्रमाणे टाइमझोनविना झाला. प्रमाणात 1999 मध्ये आलेला बूलियन ओरॅकलने 2023 मध्ये घेतला, जुना एकही टाइप न काढता. आणि लवचिक टाइप हाच आपला गुण असे सांगणाऱ्या एसक्यूलाइटनेही 2021 मध्ये टाइप काटेकोरपणे तपासणारी ‘स्ट्रिक्ट’ टेबले दिली. ज्याला हवी त्याने नवे टेबल करताना तो एक शब्द लिहावा. जुनी टेबले पूर्वीसारखीच चालू आहेत.