दोन भेटींमधला आठवडा

मानसोपचार सुरू केलेले बरेच जण विचारतात, "डॉक्टर, इथे बोलून बरं वाटतं, पण घरी गेल्यावर काय?" प्रश्न रास्त आहे. आठवड्याचे १६८ तास, त्यातला जेमतेम एक तास उपचारकासमोर जातो. उरलेल्या १६७ तासांत घर, नोकरी, भांडणं आणि न लागणारी झोप यांना तुम्हालाच तोंड द्यायचं असतं. या मधल्या काळात सोबत करणारं एआयचं साधन असावं, ही कल्पना आज नवी वाटते. पण तिच्यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि मोबाईलवर असं अ‍ॅप घेण्याआधी तो माहीत असलेला बरा.

फुलराणीची बहीण

१९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' नावाच्या संगणक प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'च्या नायिकेचं. पुलंची 'ती फुलराणी' याच नाटकावरून आली, म्हणजे एलायझा आपल्या मंजुळेची बहीणच!

प्रोग्रॅम अगदी साधा होता. तुम्ही आईबद्दल काही लिहिलंत की तो म्हणायचा, घरच्यांबद्दल आणखी सांगा. त्याला समजत काहीच नव्हतं. तो फक्त तुमच्या वाक्यातला शब्द पकडून प्रश्न परत करायचा. तरीही लोक त्याच्याशी मन मोकळं करू लागले. वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीने हे काम महिनोन् महिने जवळून पाहिलं होतं. तिनेही थोडा वेळ त्याच्याशी बोलल्यावर साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. या अनुभवाने ते अस्वस्थ झाले. काही कामं यंत्राकडे सोपवूच नयेत, असं त्यांनी १९७६ च्या पुस्तकात ठामपणे मांडलं.

त्याच १९६६ मध्ये मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी मात्र उलट विचार करत होते. उपचारक कमी, रुग्ण जास्त. मग संगणक तासाला शेकडो रुग्णांशी बोलू शकेल, अशी त्यांना आशा होती. दोघांचा हा वाद आजही मिटलेला नाही.

गृहपाठाची वही

याच सुमारास फिलाडेल्फियात डॉ. आरोन बेक नैराश्यासाठी नवी उपचारपद्धती घडवत होते. आज आपण तिला सीबीटी म्हणतो. तिच्यात गृहपाठाला मोठं स्थान आहे. प्रसंग काय घडला, मनात कोणता विचार आला, भावना किती तीव्र होती, हे रुग्णाने वहीत टिपायचं आणि पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं. खरा बदल घडतो तो या मधल्या दिवसांत.

ही वही पुढे संगणकावर गेली. २००६ साली ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी 'बीटिंग द ब्लूज' हा कार्यक्रम सुचवला. अशा कार्यक्रमांतून एक गोष्ट वारंवार दिसली. अधूनमधून विचारपूस करणारं माणूस मागे असेल तर लोक ते पूर्ण करतात. नसेल तर अनेक जण अर्ध्यावर सोडतात.

गप्पा मारणारी अ‍ॅप्स

२०१७ साली 'वोबॉट' या चॅटबॉटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ७० तरुणांपैकी ज्यांनी दोन आठवडे तो वापरला, त्यांची नैराश्याची लक्षणं कमी झाली. निकाल आशादायक होता, पण गट लहान आणि काळ थोडा. आपल्याकडे बंगळुरूत 'वायसा' तयार झालं.

२०२३ साली मात्र ठेच लागली. अमेरिकेत खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा 'टेसा' हा चॅटबॉट वजन आणि कॅलरी कमी करण्याचे सल्ले देऊ लागला. इतरांसाठी साधा वाटणारा हा सल्ला या रुग्णांसाठी घातक असतो. संस्थेला तो बंद करावा लागला.

असाच धोका मंत्रचळाच्या म्हणजे ओसीडीच्या रुग्णाला असतो. "गॅस नक्की बंद केला ना?" असं तो पुन्हा पुन्हा विचारतो. उपचारक मुद्दाम दिलासा देत नाही, कारण दिलाशाने आजार पोसला जातो. न कंटाळता शंभर वेळा दिलासा देणारं यंत्र त्याला बरं करत नाही, अडकवून ठेवतं.

मग साधन कसं असावं?

आपण यंत्र आहोत हे ते स्पष्ट सांगेल. उपचारकाने दिलेला गृहपाठच करून घेईल, स्वतःचे निदान लावणार नाही. तुमच्या संमतीनेच नोंदी उपचारकाला दाखवेल. जिवाला धोका दिसला, तर गप्पा थांबवून माणसाशी जोडून देईल. आणि दिवसेंदिवस स्वतःकडे ओढण्याऐवजी तुम्हाला पुढच्या भेटीकडे, घरच्यांकडे पाठवेल.

तुम्ही असं काही वापरत असाल तर उपचारकाला जरूर सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती सेक्रेटरीही वेडी नव्हती. ऐकून घेणारं कुणीतरी हवं, ही प्रत्येकाचीच गरज आहे.

मात्र जीव नकोसा वाटू लागला तर अ‍ॅपवर लिहीत बसू नका. जवळच्या माणसाला हाक मारा, किंवा 'टेलिमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं. तिथे पलीकडे माणूस असतो.